त्याच दिवशीचं कलम

बांधाबांध करायला म्हणून सगळे सकाळीच जमले होते, आणि जेवायची वेळ झाली तरी एकही खोकं धड भरलं नव्हतं. याचं श्रेय मधलीला. तिच्या मते खोकी भरण्याआधी जेवणं व्हायला हवीत, जेवणाआधी बटाटे उकडायला हवेत, आणि बटाटे उकडेपर्यंत थोरलीच्या कपड्यांच्या घड्या मोडून तिच्या पद्धतीने पुन्हा घालायला हव्यात. मधली पडदे शिवते. चुकीची घडी दिसली की तिच्या हातांना चैन पडत नाही, आणि हात मोकळे राहिले तर तोंडाला.

थोरली बंद खिडकीशी खुर्चीत बसली होती, तोंडावर मास्क. काचेपलीकडे तिची नर्सरी होती. कलमं बांधायच्या खुंटांच्या काळ्या पिशव्यांच्या रांगा, गुलाबाचे वाफे, टाकीमागे कुजत घातलेल्या पाल्याचा ढीग. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की आता माती, ओलं शेवाळ, कुजलेला पाला यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. त्यातली जी बुरशी इतरांना शिंकही आणत नाही, ती तुमच्या फुप्फुसात शिरली तर आमच्याही हातात काही राहणार नाही. जन्मभर नखांत माती घेऊन जेवायला बसलेल्या बाईला हे ऐकून हसू आलं होतं. पण घर नर्सरीत, आणि नर्सरी घरात. म्हणून उद्या सकाळी टेम्पो बोलावला होता आणि तिचा मुक्काम मधलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हलणार होता.

रक्ताचा कॅन्सर औषधांनी सध्या दबला होता. दबलेला राहणार नव्हता. पुढच्या आठवड्यात तिला भरती करून जालीम औषधांनी तिची स्वतःची अस्थिमज्जा जाळून टाकायची, आणि मग धाकट्या भावाच्या रक्तातून काढलेल्या स्टेम सेल तिच्या शिरेत सोडायच्या, असं ठरलं होतं. भाऊ पूर्ण जुळत होता. मधली जुळली नव्हती, आणि कुणीतरी मुद्दाम नापास केल्यासारखा तिला त्याचा राग होता. थोरलीची लेक अर्धी जुळत होती, पण तिला सहावा महिना लागलेला, तेव्हा तो प्रश्नच नव्हता. बाहेरच्या दात्यांच्या यादीतही कुणी सापडलं नव्हतं. राहता राहिला धाकटा, ज्याचं नाव या घरात कित्येक वर्षं कुणी घेत नव्हतं.

तो आला होता, हे खरं. दोन बहिणींनी निरोप धाडले, भाचीने जाऊन हात धरला आणि तो आला. रक्त दिलं, तपासण्या केल्या, गेले काही रविवार येऊन बहिणीच्या जागी खुंटांना पाणी घातलं. कुणी जुनं काही काढलं नाही. या घराण्यात जुनं न काढणं यालाच समेट म्हणतात.

त्याचा फोन वाजला तेव्हा तो भिंतीवरचं घड्याळ उतरवत होता. खांदा आणि कान यांत फोन धरून तो हं हं करत राहिला. मग त्याने घड्याळ सावकाश टेबलावर ठेवलं.

"उद्या? पण माझं तर पुढच्या आठवड्यानंतर होतं," तो म्हणाला. मग बराच वेळ ऐकून, "घरच्यांनी म्हणजे कुणी?"

मधलीने बटाट्यावरची सुरी थांबवली. तिला माहीत होतं कुणी. तिने भाचीकडे बघितलं नाही, आणि तिथेच फसली, कारण एरवी ती सगळ्यांकडे बघते.

दवाखान्यातल्या समन्वयक मुलीने जे सांगितलं ते असं. आधीच्या बेतानुसार थोरलीची औषधं सुरू झाल्यावर धाकट्याला इंजेक्शनं द्यायची, पेशी काढायच्या आणि त्याच दिवशी ताज्या ताज्या तिला द्यायच्या. आता घरच्यांच्या विनंतीवरून वेगळा विचार चालला होता. इंजेक्शनं उद्यापासूनच सुरू करायची, पेशी याच आठवड्यात काढून गोठवून ठेवायच्या, आणि त्या हातात आल्यावरच थोरलीची औषधं सुरू करायची. मशीनची वेळ धरून ठेवायची म्हणून संध्याकाळपर्यंत होकार कळवा.

"मी बोलले डॉक्टरांशी," लेक म्हणाली. ती पोटावर हात ठेवून सोफ्याच्या कडेला बसली होती. "आईला सांगणारच होते. आज जेवताना सांगणार होते."

थोरली काचेतून बाहेर बघत होती, आणि तिने मान वळवली नाही यावरूनच मधलीला कळलं, की हिला हे माहीत नव्हतं आणि हे फार महागात पडणार आहे.

"गोठवणार," धाकटा म्हणाला. "आणि शिळ्या पेशी तिला घालणार."

इथे या घरातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर त्याच्या बोलण्यातला राग कळायचा नाही. यांच्या वडिलांचा एक नियम होता. कलमाची काडी सकाळी तोडली की उन्हं वर यायच्या आत खुंटावर बांधायची. उरलेली फेकून द्यायची, मग ती कितीही चांगली असो. दुसऱ्या नर्सऱ्यांत काड्या ओल्या कापडात गुंडाळून ठेवतात, दूरदूर पाठवतात आणि त्यांचीही कलमं धरतात. पण ते या घरात कुणी बोलून दाखवत नसे. लहानपणी मधलीने उरलेल्या काड्या वाया जाऊ नयेत म्हणून फ्रिजमध्ये, तेही वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी शहाणपणाने बांधल्या. सगळ्या काळ्या पडल्या. वडील रागावले नाहीत. त्यांनी ती काळी कलमं आणून तिच्या ताटाशेजारी ठेवली आणि जेवण संपेपर्यंत उचलू दिली नाहीत. मधली पुढे कापडाच्या धंद्यात गेली त्याला हे एक कारण असावं. आणि धाकटा घरात सर्वांत वरचढ ठरला, कारण त्याने बांधलेलं कलम धरलं नाही असं सहसा होत नसे. गिऱ्हाइकं विचारून घेत, हे धाकट्याच्या हातचं ना?

त्यामुळे तो शिळ्या म्हणाला तेव्हा मधलीला ताटाशेजारची ती काळी कलमं आठवली. कालपर्यंत फोनवर भाचीला हो ला हो करणारी ती, तिथल्या तिथे उलटली. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "गोठवलेल्यात काय जीव राहणार. मी म्हणतच होते."

"मावशी, तू असं काही म्हणत नव्हतीस."

"मनात म्हणत होते."

लेकीने मावशीचा नाद सोडला. तिने घोकून ठेवलेलं सगळं शांतपणे सांगितलं. गोठवताना काही पेशी मरतात हे डॉक्टरांनीच सांगितलंय, म्हणून आधीच जास्त काढतात. रक्त वाढायला थोडे दिवस जास्त लागू शकतात. पण आईची मज्जा एकदा जाळली की परतीचा रस्ता नाही. त्यानंतर मामाला काही झालं, ताप आला, अपघात झाला, तर आईकडे ना स्वतःचं रक्त, ना मामाचं.

"मला काय होणारे?" धाकटा म्हणाला.

लेक गप्प बसली असती तर ते तिथेच निभावलं असतं. पण ती तिच्या आईची लेक, आणि रात्र रात्र जागून तिचा जीव टांगणीला लागलेला.

"मामा, तू आला नाहीस तर?"

असं सरळ कुणी बोलत नाही या घरात. धाकट्याने खिशातून गाडीची किल्ली काढली, ती हातात आहे हे जणू आत्ताच दिसलं अशी तिच्याकडे बघितली, आणि दार उघडून बाहेर गेला.

*

मागे राहिलेल्या तिघींत पहिल्यांदा कोण बोललं हे सांगायची गरज नाही. मधलीने भाचीला फैलावर घेतलं. एवढ्या मिनतवाऱ्यांनी माणूस परत आणला, आणि तू त्याला दोन वाक्यांत हाकललास. आता तो गाडी काढून जाईल आणि बस मग तुझ्या हिशोबी डॉक्टरांना धरून. लेक ऐकून घेत होती आणि कान फाटकाकडे. गाडी सुरू झाल्याचा आवाज येत नव्हता. तेवढ्यावर ती श्वास घेत होती.

मावशीला काय कळणार, असं तिला वाटत होतं. मावशी तेव्हा लग्न होऊन गेलेली होती. मामा निघून गेला तो ऐन कलमांच्या हंगामात. मोठी मागणी आलेली, रांगाच्या रांगा खुंट कापून उघडे केलेले, आणि दुपारी बसस्टँडवरून त्याचा फोन आला, की मी येत नाही. तेव्हा शाळेत असलेल्या तिने आईला कलमाची पट्टी दातात धरून खुंटामागून खुंट बांधताना बघितलं होतं. आई पहाटे उठायची, उभ्या उभ्या जेवायची. बोटं सुजली, मग चिघळली. निम्मे खुंट तरीही वाळले, आणि आई वाळलेले खुंट उपटतानाही एक शब्द बोलली नाही. लेकीने तेव्हाच कानाला खडा लावला होता. ज्याच्यावाचून अडणार आहे त्याच्याकडून आधी वस्तू हातात घ्यायची, मग बाकीचं.

"माझ्या माघारी डॉक्टरांशी बोल, असं कोण म्हणालं तुला?" थोरलीने शेवटी मान वळवली.

"मी तुझ्या माघारी नाही बोलले. तुझ्यासाठी बोलले."

"रक्त माझं जळणारे. मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. तुला आवडलं असतं मामावर सोडून द्यायला. तुला वाटतं तू विश्वास टाकलास की माणूस सुधारतो." लेकीचा आवाज फाटला. "आई, मला तू हवीयेस. मामा सुधारला नाही तरी चालेल मला."

थोरलीने फोन मागितला आणि डॉक्टरीणबाईंना लावला, स्पीकरवर, म्हणजे नंतर कुणी मनातलं सांगायला नको.

डॉक्टरीणबाई सुट्टीच्या दिवशीही न कंटाळता बोलल्या. त्यांनी कुणाची बाजू घेतली नाही, आणि तोच सगळ्यांना त्यांचा दोष वाटला. घरातला सख्खा दाता असेल तर आम्ही शक्यतो ताज्या पेशी देतो, त्या म्हणाल्या. त्या थोड्या लवकर रुजतात. गोठवलेल्याही रुजतात, आम्ही वर्षानुवर्षं देतोय. जितके दिवस रक्त वाढायला लागतील तितके दिवस जंतूंची भीती जास्त, हे खरं. पण दाता ऐन वेळी उभा राहू शकला नाही तर ती भीती वगैरे काही नाही, तो शेवटच. दोन्हीकडे काही ना काही जातं. कुठलं जाणं तुम्हाला झेपेल, ते बघा.

मधलीने मध्येच तोंड घालून कलमाच्या काडीचं विचारलं. डॉक्टरीणबाईंना आधी कळलंच नाही. मग त्या म्हणाल्या, की काडीचं मला माहीत नाही, पण पेशी आम्ही फ्रिजमध्ये नाही ठेवत. त्यांना आधी औषधात घोळवतात, मग सावकाश, पायरीपायरीने थंड करतात, म्हणजे आतल्या पाण्याचे बर्फाचे काटे होऊन त्या फुटत नाहीत. मधलीचा चेहरा पडला. इतक्या वर्षांनी तिला तिच्या काड्या का मेल्या ते कळलं होतं. मग तिने नाक पुसलं आणि पुन्हा भाचीच्या बाजूला जाऊन बसली.

"संध्याकाळपर्यंत सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि भावालाही मनापासून पटायला हवं. जबरदस्तीने मी सुई लावत नाही."

फोन ठेवून थोरली उठली. तिने मास्कची नाकावरची पट्टी घट्ट दाबली आणि पायात चपला सरकवल्या.

"बाहेर जायचं नाहीये तुला," लेक म्हणाली.

"शेडच्या दारापर्यंत जाते. आत नाही जात."

"आई, माती आहे सगळीकडे."

"मातीशी मी बोलून घेईन," थोरली म्हणाली, आणि गेली.

*

धाकटा गाडीपर्यंत गेला होता. दारही उघडलं होतं त्याने. एक पाय आत टाकून बसलाही होता थोडा वेळ. मग कसा कोण जाणे शेडमध्ये येऊन उभा राहिला, जिथे बाकावर त्याने सकाळी हौसेने तोडलेल्या गुलाबाच्या काड्या होत्या. सामानाच्या गडबडीत त्या बांधायच्या राहिल्या होत्या आणि आता पाणी उतरून मलूल पडल्या होत्या. त्याने त्यातली एक उचलली, खुंटाला चीर दिली, काडीची पाचर तासली आणि बसवली. साल सालीला लागेना. त्याने पट्टी सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

तो भाचीवर चिडला होता हे सगळ्यांना दिसलं. आपण तिच्यावर चिडलेलो नाही, हे त्याच्याही आत्ता आत्ता लक्षात येत होतं. समन्वयक मुलगी याच आठवड्यात म्हणाली तेव्हा त्याला काय वाटलं होतं? सुटलो, असं वाटलं होतं. क्षणभरच. मग त्या वाटण्याची लाज वाटली, आणि लाज लपवायला तो शिळ्या पेशींवर घसरला.

तपासणीचा निकाल आल्यापासून त्याला नीट झोप नव्हती. तो कंपन्यांच्या ऑफिसांत कुंड्या ठेवायचं काम करतो. सोमवारी या इमारतीत, मंगळवारी त्या, कुठलंच झाड त्याचं नाही, मेलं तर नवीन आणून ठेवायचं. हे काम त्याने उगाच नव्हतं निवडलं. आणि आता रोज सकाळी दात घासताना तोच विचार. तिचं रक्त जाळतील, आणि सगळे दाराकडे बघत बसतील. माझ्या दाराकडे. सुईला तो भीत नव्हता. इंजेक्शनांनी हाडं दुखतात म्हणे, त्यालाही नाही. पण सगळी डोकी एका दिशेने वळून त्याच्याकडे बघत असलेली डोळ्यांसमोर आली, की त्याला बसस्टँडचा वास यायचा. खरोखर यायचा, डिझेल आणि ओल्या फरशीचा.

"काडी मेली ती," थोरली दारातून म्हणाली.

त्याने दचकून वर बघितलं. उंबऱ्याच्या बाहेर, हात अंगाशी घट्ट धरून ती उभी होती, कशालाही आपला स्पर्श होऊ नये अशी. केस गेलेलं डोकं रुमालाने बांधलेलं. लहानपणी हीच बाई त्याला पाठीवर घेऊन खुंटांच्या रांगांतून धावायची.

"माहितीये," तो म्हणाला. "तू इथे काय करतेयस? आत जा."

"सांगून जाते. मी डॉक्टरांना सांगणारे, की ताज्याच द्या. आधी ठरलं तसंच."

त्याने सुरी खाली ठेवली.

"लेकीचं मनावर घेऊ नकोस," ती पुढे म्हणाली. "ती भ्यालीये. मी नाही भ्यायले. बाबा म्हणायचे ते काही सगळंच खोटं नव्हतं. त्याच दिवशीचं कलम ते त्याच दिवशीचं. आणि तुझा हात मला माहितीये. तू येशील. मी मनाशी धरून चाललेय, की तू येशील."

इतकी वर्षं धाकट्याला हेच ऐकायचं होतं. बसस्टँडवर फोन ठेवल्यापासून हेच. आणि ते आता असं समोर आलं, की उचललं तर पाठ मोडेल.

"नको ताई," तो म्हणाला.

"काय नको?"

"गोठवून घे. आधी काढून घे माझ्याकडून."

"का?"

"मी येईन असं मलाही वाटतं," तो म्हणाला. त्याला शब्द जुळवायला वेळ लागत होता. "दहातल्या नऊ वेळा वाटतं. पण एक वेळ नाही वाटत. तू तिथे पडलेली असशील, आत काही उरलेलं नसेल, आणि सगळं माझ्यावर येऊन ठेपलेलं असेल. तेव्हाच माझे पाय निघतात. मी ठरवत नाही ग. तेव्हाही ठरवलं नव्हतं. खुंट उघडे दिसले, तुम्ही सगळे माझ्या हाताकडे बघताना दिसलात, आणि मी काड्या आणायला म्हणून गेलो तो बसमध्येच बसलो." त्याने हात बाकावर टेकले. "आत्ता तुझ्या अंगात तुझं रक्त आहे. आत्ता मी नाही म्हणालो तरी तू जिवंत राहतेस थोडे दिवस. म्हणून आत्ता मला देता येतंय. काढून घे आणि कुलपात ठेव. मग मी कुठे का जाईना."

थोरलीला आधी संताप आला. इतका, की तिला दाराची चौकट धरावीशी वाटली आणि चौकटीला हात लावायचा नाही हे आठवलं. हिंमत करून ती याच्यावर जीव टाकायला आली होती, खरोखरचा, आणि हा तो परत करत होता. मग तिला त्याच्याकडे बघून काहीतरी निराळंच वाटायला लागलं. हा मुलगा आयुष्यभर गोड बोलत आला होता. आलोच, करतो, तू काळजी करू नकोस. त्या आलोचवर भाळून तिने एका हंगामाचे खुंट घालवले होते. आज पहिल्यांदा त्याने तिला न आवडणारं काही सांगितलं होतं, आणि ते तिच्या जिवाच्या कामाचं होतं. तिला त्याची माया आली, लहानपणी यायची तशी, कारण न लागणारी.

"नालायका," ती म्हणाली. मास्कच्या आत ती रडत होती. मास्क ओला होऊन नाकाला चिकटला.

"हो."

"लेकीसमोर सांगशील हे?"

"तिला माहीतच आहे. तुलाच माहीत नव्हतं."

*

तरीही त्याने सांगितलं. घरात आल्यावर किल्ली टेबलावर टाकली, हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, भाचीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, की तू बरोबर केलंस. लेकीने आल्या आल्या आईचा मास्क बदलला होता, चपला दाराबाहेर ठेवल्या होत्या, आणि आता रागवायचं कुणावर हे न कळून ती उगीच आईचा पदर झटकत होती. मधली म्हणाली, मी म्हणतच होते, आणि या वेळी तिला कुणी अडवलं नाही.

डॉक्टरीणबाईंना फोन थोरली लावणार होती. धाकट्याने तिच्या हातातून तो घेतला. भाऊ बोलतोय म्हणाला. मनापासून आहे म्हणाला. उद्या किती वाजता येऊ, उपाशीपोटी यायचं का, हेही विचारलं. मग उत्तर ऐकून फोन ठेवला आणि खोलीच्या मधोमध तसाच उभा राहिला, हातांचं काय करावं हे न कळल्यासारखा.

"माझी खोली रिकामी आहे का?" त्याने विचारलं.

"तुझी खोली?" मधली म्हणाली. "तिथे छतापर्यंत कुंड्या आहेत. रिकाम्या, कोऱ्या, पण पलंग दिसत नाही."

"काढतो बाहेर."

थोरली म्हणाली, की एवढा उपद्व्याप कशाला, रात्री घरी जा, सकाळी नीट आवरून दवाखान्यात ये.

"घरून मी येणार नाही ताई," तो म्हणाला. "इथून येईन. तुम्ही तिघी उठवाल, चहा द्याल, गाडीत बसवाल, तर येईन."

कुणी हसलं नाही. लेक दवाखान्याची पिशवी भरायला उठली आणि जाता जाता त्याच्या गाडीची किल्ली टेबलावरून उचलून आपल्या खिशात टाकली. त्याने ते बघितलं आणि मान हलवली, बरं केलंस अशी.

तो आतल्या खोलीत गेला. थोरली खुर्चीत बसून राहिली. आतून एकेक कुंडी जमिनीवर टेकल्याचा आवाज येऊ लागला. मध्ये कधी आवाज थांबे. त्या खोलीला मागल्या अंगाला एक दार होतं, हे तिघींनाही माहीत होतं. आवाज थांबला की तिघींचे हात जिथल्या तिथे राहत, आणि पुढची कुंडी टेकली की कामं पुन्हा सुरू होत.